वाचून केलेली सही

मॅनेजर अपूर्वने प्रतिज्ञापत्र मुकुंदच्या पुढ्यात सरकवलं आणि पेनाचं टोपण काढून दिलं. मुकुंदने पेन घेतलं नाही, आधी कागद घेतला. प्रताप नगरच्या त्या ऑफिसात अठरा वर्षं तो हेच करत आला होता. कंपनीच्या वतीने सही करायची, पण वाचून. लोक कंटाळायचे, तो थांबवून ठेवायचा.

कंपनी ई-रिक्षा बनवायची. कन्हानच्या वंदना गजभियेने त्यांतली एक घेतली होती. ब्रेक लागले नाहीत, रिक्षा उलटली आणि वंदनाचा पाय कायमचा अधू झाला. तिने नागपूरच्या कोर्टात दावा लावला. खरेदीच्या करारात बारीक अक्षरांत छापलं होतं, की वाद झाला तर तो दिल्लीत लवादापुढे चालेल. पण ही हरकत पहिल्या जबाबाच्या वेळीच घ्यावी लागते. कंपनीचे वकील कृष्णकांतसाहेब ती घ्यायचीच विसरले. त्यांनी वंदनाच्या एकेका मुद्द्याला सविस्तर उत्तर लिहिलं, मुकुंदने सही केली, जबाब दाखल झाला आणि दिल्लीचा हक्क तिथेच सुटला. मुख्य कचेरीच्या हे लक्षात आलं चार महिन्यांनी.

आता नव्या कागदात लिहिलं होतं, की मुकुंदने तो जबाब न वाचता सही केली आणि त्याला तसा अधिकारही नव्हता. म्हणजे तो जबाब रद्द ठरवून केस दिल्लीला न्यायचा अर्ज कंपनीला करता आला असता.

"दिल्लीले गेली केस, का ते बाई येतच नाही. विषय संपला," अपूर्व म्हणाला. "काहून अडून राहिले, मुकुंदभाऊ?"

"मी वाचला होता जबाब."

"हे कोणाले मालूम आहे?"

"मले."

अपूर्वने आवाज चढवला नाही. निवृत्तीला दोनच वर्षं उरली आहेत, एवढी आठवण करून दिली. मुकुंदने कागद तसाच परत केला.

रात्री जेवताना त्याने बायकोला, शामलाला सांगितलं. ती बाई ओळखीची आहे का, असं तिने विचारलं. त्याने तिला कधी पाहिलंही नव्हतं. शामलाने त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

त्याच्या सहीशिवायच केलेला कंपनीचा अर्ज कोर्टाने फेटाळला. दावा नागपुरातच राहिला. मुकुंदचा सहीचा अधिकार काढून त्याला शहराबाहेर, वाडीच्या गोदामात बसवलं. मात्र तारखेला कोर्टात हजर राहायला दुसरं कोणी तयार नसे, म्हणून ते काम त्याच्याकडेच राहिलं.

पुढच्या तारखेला तो कोर्टाबाहेरच्या बाकावर बसला होता. काठी टेकत एक बाई आली.

"भाऊ, सरका जराशे."

तो सरकला. ती बसली, एक पाय समोर लांब केला आणि दम खाऊन म्हणाली, "कन्हानहून याचं म्हणजे सकाळ जाते. तुमची कायची केस आहे?"

मुकुंदने तिच्या पायाकडे पाहिलं.

"मी रिक्षा कंपनीकडून आलो, बाई."

तिने त्याच्याकडे एकवार पाहिलं. मग दोन्ही हातांनी तो पाय उचलून जवळ ओढून घेतला.