लेकीचा वाटा

मी एक जुना ओंडका आहे, मासे कापायचा. नाकं मुरडू नका, मित्रांनो! एका जाडजूड बुंध्याचा मी सर्वांत खालचा तुकडा. सुताराने मला तासलं, तीन पाय ठोकले आणि नदीकाठच्या मासळीबाजारात आणून ठेवलं. तेव्हापासून मी मावशीचा. मावशी म्हणजे माझी मालकीण. सगळा बाजार तिला याच नावाने हाक मारतो. तिचा हात इतका सराईत, की गिऱ्हाईक पिशवी उघडेपर्यंत तुकडे तयार असत. "ओंडका असावा तर असा," असं कुणी म्हटलं की मी मनातल्या मनात फुगून जाई. खोटं कशाला बोलू?

आमच्या बाजाराची एक रीत होती. मोठा, म्हातारा मासा कापला की त्याचं काळीज आणि पोटातली चरबी विकायची नाही. ती घरच्या गरोदर बाईला आणि लहान मुलांना. "अंगी लागतं," असं सगळ्याजणी म्हणत. मावशीच्या लेकीला दिवस गेले, तेव्हापासून तिचा वाटा रोज डब्यात भरून तिच्या घरी जात होता. डबा भरताना मावशीचा चेहरा कसा उजळायचा म्हणून सांगू!

नदीच्या वरच्या अंगाला एक कारखाना आला होता. त्याचं पाणी नदीत येई, पण त्याला ना वास, ना रंग. मासेही चांगले गलेलठ्ठ. फक्त मोठ्या माशांची काळजं अलीकडे पिवळट, गाठाळ निघत. मावशी कामाच्या घाईत असे, तिचं लक्ष नव्हतं. माझं होतं. पण मला तोंड कुठे आहे?

मग बाजारात सरकारी फलक लागला. त्यावर बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलं होतं. बायकांनी त्यावर ओली फडकी वाळत घातली. शेवटी दवाखान्यातली आरोग्यसेविका स्वतः आली. तिने भाषण ठोकलं नाही. उलट्या टोपलीवर बसली आणि बायकांनाच विचारू लागली.

"मोठा मासा कापला की काय काय टाकून देता?"

"टाकायचं कशाला ताई? खवले आणि कल्ले सोडले तर सगळं खातो," शेजारची मासेवाली हसत म्हणाली.

"काळीज? चरबी?"

"ते पोटुशींना आणि पोरांना. या मावशीला विचारा, लेकीचा एक दिवस चुकवत नाही!"

सेविकेने टोपली मावशीच्या जवळ सरकवली. मग म्हणाली, "नदीतल्या माशांच्या तपासणीचे निकाल आलेत. कारखान्याचं विष या काळजात आणि चरबीतच साठतंय. मासा जितका मोठा आणि म्हातारा, तितकं जास्त. पोटातल्या बाळाला सगळ्यात धोका."

मावशीचा कोयता माझ्यात रुतला तो रुतलाच. त्या दिवशीचा डबा भरून बाजूला ठेवलेला होता.

पुढचं बायकांनीच बसून ठरवलं. फलकाच्या भरवशावर राहायचं नाही, आपल्या तोंडाने सांगायचं. म्हातारे मासे घ्यायचे नाहीत. काळीज आणि चरबी झाकणाच्या पिंपात टाकायची. दर महिन्याला पाळीपाळीने एकीने तपासणीसाठी मासा दवाखान्यात पोहोचवायचा. काही गिऱ्हाइकं चिडली, काही तुटली. "आम्ही जन्मभर खाल्लं, काय झालं?" म्हणून एक आजोबा भांडायला उठले. मावशीने त्यांना हात जोडले, पण काळीज दिलं नाही.

काल लेक बाजारात आली. तिला आठवा महिना.

"आई, डबा का गं बंद केलास? रागावलीस माझ्यावर?"

मावशीने तिला जवळ बसवून सगळं सांगितलं. लेकीचा हात आपोआप पोटावर गेला.

"बाळाला काही होणार नाही ना गं?"

मावशीने तिचा तो हात घट्ट धरला. ते तर सेविकेलाही अजून सांगता आलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी मासा आला की विचारा: कुठल्या पाण्यातला, केवढा, त्यातलं काय टाकायचं? विचारायला लाजू नका. मावशी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारते, "घरात कुणी गरोदर आहे का?" आणि एखादी बाई "मीच" म्हणाली, की मावशी तिचा हात धरते आणि कितीतरी वेळ सोडत नाही.