तिसरा ठोका

“गुरुदत्त, हे वाजवायला तीन हात लागतील,” जेन्सन अंकल म्हणाले. “माझा तर एकच राहिलाय.”

मी पडद्यावर बघितलं, तर खरंच. ड्रमरचे दोन्ही हात टॉमच्या ढोलांवर फिरत असताना हाय-हॅटच्या झांजाही मी काठीने चालूच ठेवल्या होत्या. बारा वर्षं तुळिंजच्या या बेडरूममध्ये बसून कॉम्प्युटरवर ड्रम भरतोय, भजनांपासून हळदीच्या गाण्यांपर्यंत, आणि ही चूक! तेवढ्या जागेतल्या झांजा पडद्यावरून पुसल्या.

अंकल भुईगावचे. पस्तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवले. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. येत्या रविवारी त्यांच्या मुलीचं, रोवेनाचं लग्न होतं. तुझ्या लग्नातल्या पहिल्या वॉल्ट्झला, त्या तीन मात्रांच्या जोडीनाचाला, ड्रम माझेच, असा शब्द त्यांनी तिला ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून दिलेला. म्हणून जुन्या बँडची कॅसेट माझ्याकडे देऊन गेले होते आणि आज बायकोला, बर्था आंटींना, घेऊन ऐकायला आले होते.

कॅसेटवरचा एकेक ठोका मी तसाच्या तसा भरला होता. खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज, कुठे जोरकस, कुठे नुसता स्पर्श. फक्त एक सुधारणा केली होती. अंकलचा तिसरा ठोका दरवेळी मागे राहायचा, तो ओढून जागेवर आणला होता.

अंकलनी डोळे मिटून पुन्हा सगळं ऐकलं. “छान आहे रे. पण हा मी नाय.”

चार दिवस राबलो होतो, मला राग आला. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं. ते दाबलं की सगळे ठोके थोडे थोडे इकडेतिकडे सरकतात, माणसाने वाजवल्यासारखं वाटावं म्हणून. ते दाबलं.

“हा तर पिऊन वाजवतोय,” आंटी म्हणाल्या.

“मग स्पष्टच सांगतो, अंकल. तुमचा तिसरा ठोका उशिरा पडतो. मी सरळ केलाय.”

आंटी पलंगाचा आधार घेत उठल्या. त्यांचा डावा पाय लहानपणीच्या पोलिओने आखूड राहिलेला.

“उशीर माझा आहे, बाबा. मी बँडसमोर नाचायची, तेव्हा माझा हा पाय टेकेपर्यंत तुझा अंकल थांबायचा. बँडमास्तर शिव्या घालायचा. मग याला सवयच लागली, मी नसले तरी थांबायचा.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आंटी, जरा चालून दाखवता?”

“चालून कशाला? नाचूनच दाखवते.”

पलंग आणि टेबलाच्या मधल्या दोन हात जागेत आंटी नाचल्या. अंकल डाव्या हाताने मांडीवर मात्रा देत होते. मी पायाकडे बघत एकेक ठोका मागे सरकवला. गिरकीला जरा जास्त, सरळ पावलाला कमी. आवाज नको म्हणून पंखा बंद होता, तिघेही घामाघूम झालो.

रविवारी भुईगावच्या मांडवात ड्रमचं स्टूल रिकामंच होतं. बाकीचा बँड माझ्या ट्रॅकवर वाजवत होता. आधी नवरा-नवरी नाचली, मग जावयाने आंटींचा हात धरला. आंटींचा पाय टेकला, मगच ठोका पडला.

माझ्या शेजारी एक म्हातारी खाली मान घालून जेवत होती. ताटातून नजर न काढता सुनेला म्हणाली, “जेन्सन बरा झाला वाटतं. वाजवतोय.”

अंकल पुढच्याच खुर्चीत होते. त्यांनी ते ऐकलं. मागे वळले नाहीत. मांडीवरून घसरलेला उजवा हात त्यांनी डाव्या हाताने उचलला आणि गुडघ्यावर नीट ठेवला.