डोलकाठीचा दिवा

आम्ही शिडाच्या बोटीवर राहतो म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात. त्यांना सूर्यास्त दिसतो, हातातला पेला दिसतो, वाऱ्याने फुगलेलं पांढरं शीड दिसतं. संडासाचा पंप कोणालाच दिसत नाही. मला मात्र तोच दिसतो, कारण तो सारखा तुंबतो आणि उघडून धुवायचा कोणी यावरून आमच्यात जुंपते. खारं पाणी सगळं खातं. स्क्रू खातं, तारा खातं, बिजागऱ्या खातं, आणि जे खाता येत नाही त्याला शेवाळ आणि शिंपले चिकटतात. एका टोकापासून दुरुस्ती करत दुसऱ्या टोकाला पोहोचावं, तोवर पहिल्या टोकाला पुन्हा गंज चढलेला असतो. निवृत्तीनंतरचं आमचं सुख म्हणतात ते हे.

हे खूळ माझ्या नवऱ्याचं. हे नोकरीतून मोकळे झाले, आम्ही घर विकून बोट घेतली आणि बंदरामागून बंदर करत राहिलो. पहिलं वर्ष मी बोट लागून बादलीत तोंड घालूनच काढलं. ह्यांचा जीव त्या बोटीत. इंजिनाचा आवाज ऐकून त्याला सर्दी झालीय की खोकला ते सांगायचे. फाटलेलं शीड मांडीवर घेऊन शिवत बसायचे तेव्हा कोणी नातवंडाला निजवतंय असं वाटायचं. एवढा लाड माझा कधी झाला नाही, आणि तसं मी ऐकवायचेही.

मग हे विसरायला लागले. पाना कुठे ठेवला, चष्मा कुठे ठेवला, हे कोणीही विसरतं. पण एका सकाळी नांगर टाकून झाला, साखळी ताणून पाहिली, आणि हे माझ्याकडे वळून म्हणाले, "चल, नांगर टाकू या." मी हसण्यावारी नेलं. पुढे हसू येईनासं झालं. एका बंदराच्या कचेरीत साहेबाने बोटीचं नाव विचारलं, तर हे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मीच उत्तर दिलं आणि वर म्हटलं, "ह्यांना जरा कमी ऐकू येतं." खोटं बोलायला मी तिथे शिकले आणि थोड्याच दिवसांत पटाईत झाले.

आमची मुलगी रविवारी फोन करायची. मी ह्यांना चिकटून बसायचे आणि शब्द पुरवायचे. पोरगी माझीच, तिला काय फसवणार? "आई, बाबांना बोलू दे ना जरा," असं म्हणायची. तिला नक्की कळलं असतं तर ती पहिल्या विमानाने आली असती, आम्हाला तिच्या फ्लॅटवर घेऊन गेली असती, बोट विकायला काढली असती. तिचं काही चुकलं नसतं. पण बोट गेल्यावर ह्यांचं काय उरणार होतं? सगळं एकेक करून सुटत चाललेल्या माणसाच्या हातातून मी बोटही काढून घेऊ? म्हणून कोणालाही कळता कामा नये, एवढं एकच मी धरून ठेवलं होतं.

अशात डोलकाठीच्या टोकावरचा दिवा गेला. नांगरलेल्या बोटीला अंधारात तो दिवा लागतोच, नाहीतर येणारी दुसरी बोट थेट अंगावर येते. दिवा बदलायचा तर वर चढायला हवं. त्याची आमची पद्धत पहिल्यापासून ठरलेली होती. मी हलकी, म्हणून मी वर; हे दणकट, म्हणून हे खाली विंचपाशी. विंच म्हणजे डेकवरचा धातूचा ढोल. दोरीला टोकाशी कापडी खुर्ची बांधलेली, तिच्यात मी पट्टे आवळून बसायचं. दोरी डोलकाठीवरच्या कप्पीतून फिरून खाली येते, तिचे ढोलाला वेढे द्यायचे आणि दांडा फिरवायचा. मी वर पोहोचले की हे दोरी खुंट्याला बांधणार. उतरवताना आधी खुंट्यावरून सोडायची, ढोलावरचे वेढे तसेच ठेवायचे आणि दोरी हळूहळू सरकवत जायची. वेढे काढले की वरचा माणूस दगडासारखा खाली.

आधाराला दुसरी दोरीही असते, पण तिची कप्पी अडकली होती. तीही मीच वर जाऊन सोडवणार होते. शेजारच्या बोटीवरच्या गृहस्थाला मदतीला बोलवायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तो पडला दातांचा डॉक्टर. दुकान बंद करून बोटीवर आलेला, गळ्यात कायम दुर्बीण, आणि इकडची बातमी तिकडे पोहोचवण्यात नंबर एक. आम्ही त्याला दातवाला म्हणायचो. एरवी दोघंच सगळं करणारे आज तिसऱ्याला का बोलावतायत, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आलाच असता. शिवाय मी मनाशी म्हटलं, डोकं विसरलं तरी ह्यांचे हात कुठे विसरलेत?

आणि हात खरंच विसरले नव्हते. ह्यांनी माझे पट्टे स्वतः तपासले, एक ढिला होता तो आवळला. दांडा एका लयीत फिरला. मी वर गेले, दोरी खुंट्याला बसल्याची खूण म्हणून हे "बांधली!" असं ओरडले, आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. खिशातून पेचकस काढून मी कामाला लागले. दिवा बदलला. कप्पी मात्र हटून बसली होती. तेल घातलं, ठोकली, शिव्या दिल्या, नाही हलली. दुपारचा वारा उठायला लागला होता. खाली बोट जरा डोलली तरी वर माणूस चांगलाच झुलतो. म्हटलं, राहू दे, पुन्हा बघू.

"अहो, उतरवा!"

खाली वाकून पाहिलं तर विंचपाशी कोणी नव्हतं.

"अहो!"

केबिनच्या उघड्या झाकणातून वाफ येत होती आणि कपबशांचा आवाज. हे चहा करत होते. मजेत शीळ घालत होते. मी वर आहे हे ह्यांच्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं, आणि ते मला त्या शिळेवरून कळलं. मी लटकलेय हे आठवत असतं तर हे शीळ घालणारे नव्हेत.

मी ओरडत राहिले, वारा माझा आवाज दुसरीकडेच नेत राहिला. मांडीखालचे पट्टे रुतायला लागले, पाय बधिर होत गेले. मी दोन्ही हातांनी डोलकाठीला मिठी मारली. तेवढ्यात पलीकडच्या बोटीवर दातवाला उभा राहिला. त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली, मला पाहिलं आणि हात हलवला. दोन्ही हात वर करून त्याला बोलावलं की पुरे होतं. तो होडी घेऊन लगेच आला असता. मी एक हात सोडला, हसले आणि त्याला टाटा केला. तो समाधानाने पुन्हा खुर्चीत बसला. स्वतःचा एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

अखेर हे केबिनमधून डेकवर आले, दोन्ही हातांत कप घेऊन. डेकभर मला शोधलं, पाण्यात वाकून पाहिलं. मी पुन्हा हाक मारली तेव्हा मान वर झाली.

"अगं, तिथे काय करतेयस? चहा निवतोय!"

"दिवा बदलला. उतरवा मला."

"पण तुला वर चढवलं कोणी?"

"तुम्हीच."

"मी?" हे कप खाली ठेवून तडक विंचकडे गेले, आणि ह्यांचा हात खुंट्याकडे न जाता ढोलावरच्या वेढ्यांकडे गेला.

ओरडले असते तर ह्यांनी दचकून काहीही ओढलं असतं. मी आवाज शक्य तेवढा साधा ठेवला, भाजी निवडताना बोलावं तसा. "अहो, थांबा. हात काढा. आधी बसा बघू खाली."

हे बसले.

"ढोलाला हात लावायचा नाही. खुंट्यावरची दोरी दिसतेय? तेवढीच सोडा. घट्ट धरून सोडा."

"मला शिकवतेस होय गं?" हे चिडून म्हणाले, पण सोडली बरोबर. मी वीतभर खाली आले आणि थांबले. ह्यांनी धरली होती. "आता सरकवा." हे सरकवत गेले. "थांबा" म्हटलं की थांबत होते. मी बोलत राहिले. बोलणं तुटलं तर हेही सुटतील असं वाटत होतं. शिडाचा आडवा वासा ओलांडला, डेक पायाला लागलं. पट्टे सोडून मी तिथेच बसले आणि रडले. चांगली हुंदके देऊन रडले.

ह्यांनी मला पाण्याची बाटली आणून दिली. फार आपुलकीने दिली. मग म्हणाले, "तुम्ही इथे सावलीत बसा, बाई. मला दोरीपाशी जायला हवं. आमची ही वर आहे."

मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चेष्टेचा कुठे मागमूस नव्हता.

"अहो, मी आले खाली. मीच आहे."

हे अवघडून हसले, परक्या बाईने सलगी दाखवल्यावर हसावं तसे. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "तुम्हाला एक विनंती आहे. तिला सांगू नका. मघाशी ती वर आहे हे मी विसरलो. खाली जाऊन चहा करत बसलो हो! मला हल्ली काहीतरी होतंय. तिला कळलं तर ती बोट सोडेल माझ्यासाठी. तिचा जीव आहे या बोटीत. मी काय, कुठेही राहीन. पण तिच्यासाठी रेटतोय."

मी ह्यांच्यासाठी रेटत होते, हे माझ्यासाठी. बोट नको असलेली दोन माणसं इतके दिवस एकमेकांपासून लपवत ती खरवडत होती, रंगवत होती.

मी केबिनमध्ये जाऊन फोन आणला आणि मुलीला लावला. रविवार नव्हता, त्यामुळे तिने घाबरूनच उचलला. "ये आणि आम्हाला घेऊन जा," मी म्हटलं. "बाबांना बरं नाही. बऱ्याच दिवसांपासून नाही. मी खोटं बोलत होते." "निघते," ती म्हणाली.

तोवर ह्यांनी ढोलाला वेढे दिले होते आणि दांडा फिरवायला घेतला होता. रिकामी खुर्ची डोलकाठीला आपटत वर चालली होती. ह्यांची नजर मात्र ढोलावर होती. एकही वेढा दुसऱ्यावर चढू नये म्हणून हे दोरी बोटांनी सारखी करत होते. दोरी खुंट्याला बांधली आणि वर तोंड करून मोठ्याने विचारलं, "ठीक आहेस ना गं?"

वाऱ्यात खुर्ची झुलत होती. हे कान देऊन थांबले. पुन्हा विचारलं, तेव्हा आवाजात भीती होती.

"हो," मी ह्यांच्या पाठीमागून म्हणाले. "ठीक आहे मी."

"घाबरू नकोस. मी इथेच आहे!"

"बाबा कोणाशी बोलतायत?" मुलीने फोनवर विचारलं.

"माझ्याशी," मी म्हटलं.