नवलसरायची जागीर

नवलसरायच्या जुन्या वस्तीत प्रत्येक घराच्या मागच्या भिंतीला, जमिनीलगत, संडासाची एक लोखंडी झडप असे. सकाळी फूलवती ती उघडून, राख टाकून आतला मैला ओढून घेई, टोपली डोक्यावर चढवी आणि "ले गई, बहूजी" अशी हाक देई. मग सज्जातून तिच्या पदरात कालची पोळी पडे. ती हातात द्यायची नसते, वरून टाकायची असते, हे गावात लहान मुलांनाही ठाऊक होते.

या घरांना फूलवतीच्या लोकांत जागीर म्हणत. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूने रिवाजाप्रमाणे तिचे तोंड पाहिले आणि ठठेऱ्यांच्या, म्हणजे तांबटांच्या, गल्लीतली घरे तिला भेट दिली. दागिना नव्हता, घरे होती. त्या घरांचा मैला उचलण्याचा हक्क तिचा, आणि पुढे तिच्या सुनेचा.

माझ्या आईला हे प्रथम कळले तेव्हा कोणीतरी थट्टा करते आहे असे तिला वाटले. आई, तानूबाई, सातारा जिल्ह्यातली. माझे वडील, सुभेदार हिंमतराव, दिल्लीजवळच्या छावणीतून निवृत्त झाले आणि छावणीपलीकडच्या या गावात त्यांनी घर बांधले. ते लवकर गेले. मी दिल्लीत नोकरीला, लक्ष्मीबाई नगरात. आई नवलसरायलाच राहिली. गाव तिला फौजन चाची म्हणे.

मग नगराध्यक्षपद बायकांसाठी राखीव झाले. गावात दोन मोठे गट होते आणि एकाला दुसऱ्याची सून खुर्चीत नको होती. बाहेरची, विधवा, पाठीशी भाऊबंद नसलेली बाई दोघांनाही सोयीची वाटली. आईने सहीपुरते बसावे, एवढीच अपेक्षा होती. तिने मात्र एकच गोष्ट मनावर घेतली, ती झडपा बंद करण्याची.

कायदा आधीच झालेला होता, पण गावात तो कुणी आणला नव्हता. आई पदर खोचून दारोदार हिंडली. अंगणात टाकी खणा, पाण्याचा संडास बांधा, नाहीतर नळ तोडीन, असे सांगत राहिली. शिव्या खाल्ल्या, पण एकेक झडप विटांनी बुजली. पालिकेच्या आवारात टोपल्या जाळल्या, तेव्हा फोटोही निघाले. फूलवतीने आपली टोपली आणली नाही.

"चाचीजी, जागीर जला दूँ? फिर बहू को क्या दूँगी?"

आईने तिला शब्द दिला, की गावात गटारलाइन येईल, टाक्या तिला जोडल्या जातील आणि तिचा नवरा रामफल पालिकेत कायम नोकरीला लागेल. दुसऱ्या दिवशी फूलवतीने टोपली आणून टाकली. त्यानंतर आईच्या कारकिर्दीत जे काही होते, ते या एका शब्दावर उभे होते.

दिल्ली पसरत होती. भोवतालच्या गावांचा मिळून एक मोठा आराखडा तयार होत होता. आईबरोबर त्या कार्यालयात मीही गेले. भिंतीवर नकाशा होता. शेतांच्या जागी अजून न उभारलेली सेक्टरे होती आणि त्यांच्याकडे जाणारी जाड निळी रेघ, गटारलाइनची. नवलसरायला वळसा घालून ती पुढे गेली होती. अधिकारी श्रीरंग नावाचे, आपल्याकडचेच. मराठी ऐकून त्यांना आनंद झाला. त्यांनी चहा मागवला.

"मावशी, आराखडा वाढीसाठी असतो," ते समजुतीने म्हणाले. "तिथे लोकसंख्या वाढणार आहे. तुमच्याकडे ती वाढून झाली. नेक्स्ट फेजमध्ये बिल्कुल होईल."

"म्हंजी जी मानसं यायची हाईत, त्यांच्यासाठी पाइप," आई म्हणाली. "आन् जी हाईतच, त्यांनी काय करायचं?"

श्रीरंग हसले. मावशी, तुम्ही भाषण छान कराल, म्हणाले.

टाक्या मात्र आराखड्यासाठी थांबल्या नाहीत. त्या भरल्या, अंगणात वाहू लागल्या. उपसणार कोण, हा प्रश्न गावात कुणी विचारलासुद्धा नाही. लोकांनी रामफलला बोलावले. कामाआधी त्याला दारू पाजत, कारण शुद्धीत कुणी आत उतरत नाही. आमचीही टाकी त्यानेच एकदा उपसली. आई त्या दिवशी पालिकेत होती. घरी आल्यावर अंगण धुतलेले पाहून तिला बरे वाटले होते.

मे महिन्यात एका दुपारी धान्याच्या व्यापाऱ्याकडे तो टाकीत उतरला आणि वर आला नाही. टाकीतल्या विषारी वायूने गेला. त्याला दोराने ओढून काढले तेव्हा त्याच्यासाठी ठेवलेली पोळी अजून उंबऱ्याबाहेर होती.

पालिकेच्या साहेबांनी आईला सल्ला दिला, की तो पालिकेचा नोकर नव्हता, प्यायलेला होता, आपण होऊन उतरला, एवढेच पोलिसांना सांगावे. आईने नकार दिला. ज्या टाक्या मी खणायला लावल्या त्यांतल्याच एकीत तो मेला, असा जबाब तिने दिला. वैर विसरून दोन्ही गट पहिल्यांदा एक झाले ते तिच्याविरुद्ध. चौकशी झालीच नाही. तिची मुदत संपत आली होती.

निरोपसमारंभाला मंडप घातला होता. साहेबांनी शाल पांघरली, नगरसेवकांनी गावाला टोपलीपासून मुक्त करणारी म्हणून गौरव केला. फूलवती मंडपाबाहेर उभी होती. आई उठली. एरवी ती तिथे हिंदीच बोले. त्या दिवशी मराठीतून बोलली.

"टोपली डोईवर हुती तवर मानूस जमिनीवर तरी हुता. मी त्याला खाली घातला."

कुणाला काही कळले नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आईने नंतर आमची टाकी कधी उपसू दिली नाही. एकटी होती, पाणी बेताने वापरी. गेल्या चैत्रात ती गेली. घर पाहुण्यांनी भरले आणि दहाव्याच्या आतच अंगणात घाण वर आली. गाव आता महानगरात मोडते. रस्त्याखाली पाइप टाकले आहेत, जोडलेले नाहीत. मामा, राजाभाऊ, यांनी मला न विचारता शेजाऱ्यांकडून टाकी उपसणाऱ्याचा नंबर घेऊन फोन केला.

बादली आणि दोर घेऊन एक तरुण आला. फूलवतीचा मुलगा. मी त्याला ओळखले नाही. त्याने मला ओळखले. तो सरळ अंगणात टाकीकडे गेला. मी म्हटले, नको, या घरात कुणी उतरायचे नाही.

"दीदी, यह घर तो हमारी जागीर में है," तो म्हणाला. "अम्मा ने ब्याह में हमें यही टंकियाँ दी हैं।"

मी त्याला परत पाठवले. संडासाला कुलूप लावले. मामा चिडले, एवढ्या माणसांनी जायचे कुठे म्हणून. तो मात्र शांत होता. आज इथे नाही तर बगलमें, म्हणाला आणि शेजारच्या फाटकातून आत गेला. थोड्याच वेळात सिमेंटचे झाकण सरकल्याचा आवाज आला.

आईच्या फोटोपुढचा दिवा तसाच ठेवून मी शेजारी गेले. तो उतरला होता. टाकीच्या तोंडाशी मी दोर धरून उभी राहिले. गच्चीवरून दूरवर नव्या सेक्टरांच्या इमारती दिसतात, त्या खाली अंगणातूनही दिसत होत्या. तिथे कळ दाबली की सारे नाहीसे होते.

तो वर आला. शेजारच्या सुनेने पाण्याची बाटली आणली आणि त्याच्यापासून लांब, फरशीवर ठेवली. मी ती उचलून त्याच्यापुढे धरली.

त्याने हात पाठीमागे नेले.

"नीचे रख दो, दीदी."

मी ठेवली नाही. त्यानेही घेतली नाही. त्याला तहान लागली होती.