डाव्या अंगाला, वरून चार बोटं खाली

"डाव्या अंगाला, वरून चार बोटं खाली. तिथे मुठीनं एकच ठेवून द्यायची. तळहातानं नाही, मुठीनं. आणि एकदाच."

ढुमकाका ड्रमवाल्याला हे दुसऱ्यांदा समजावत होते. समोर त्यांचा ॲम्प होता, गिटारीचा आवाज मोठा करणारा. चौतीस किलोंचा काळा डबा, कोपरे झिजलेले, पुढची जाळी एका जागी शिवलेली.

"म्हणजे एका हातानं झांज मारू आणि दुसऱ्यानं तुमचा डबा बडवू?" ड्रमवाला म्हणाला. "देवानं मला दोनच हात दिलेत हो काका."

"वेळ आली तर म्हणतोय. माझे दोन्ही हात गिटारवर असतात, तू तर त्याला खेटून बसतोस."

"बडवतो, बडवतो. नाहीतरी जन्मभर तेच केलंय."

रविवार होता, दुपारचे पावणेतीन वाजले होते. क्लबच्या वरच्या मजल्यावर लाकडी जमिनीचा मोठा हॉल होता आणि तिथे दर रविवारी तीन ते सहा निवृत्त मंडळी जोडीजोडीनं नाचायला येत. स्टेजवर चौघांचा बँड असे. मास्तर कीबोर्डवर, एक गाणारी, एक ड्रमवाला आणि बेस गिटारवर ढुमकाका. हे नाव गाणारीनं पाडलेलं. त्यांच्या गिटारीला चार जाड तारा होत्या, त्यातून ढुम ढुम असा जो खालचा आवाज निघे तो ऐकायला कुणी येत नसे, पण पावलं त्याच्यावरच पडत. निदान ढुमकाकांचा तरी तसा पक्का समज होता.

आज ठोशाची ही तयारी चालली होती, त्याला कारण होतं. तीन रविवारांपूर्वी ॲम्प भर गाण्यात मुका झाला. मागच्या रविवारी तर दोनदा. डाव्या अंगाला ठोसा दिला की परत बोलू लागे, पण तोवर चारदोन जोड्या अडखळून थांबलेल्या असत. मागच्या वेळी सामान आवरताना मास्तर जवळ आला. हा बँड मास्तरच्या वडिलांनी काढलेला. लहानपणी मास्तर ह्याच डब्यावर बसून पाय हलवत गाणी ऐकायचा, त्यामुळे त्याला बोलणं जड जात होतं. पण बोलला.

"काका, राग मानू नका. पुढच्या रविवारी हा पुन्हा बसला, तर बेस मी डाव्या हातानं वाजवीन. नव्या कीबोर्डात सगळी सोय आहे."

"आणि मी?"

"तुम्ही... बघू ना काका. आधी हा चालतोय का ते बघू."

बघू म्हणजे काय, ते न कळण्याइतके ढुमकाका दूधखुळे नव्हते. एकतीस वर्षं त्यांनी घरोघर फिरून विजेचे मीटर वाचले होते. 'बघू' म्हणणारी माणसं त्यांनी दारोदार पाहिली होती.

सोमवारीच त्यांनी डबा ढकलगाडीवर घालून दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं मागचं झाकण काढलं, टॉर्च मारला आणि बराच वेळ नुसता च्‌ च्‌ करत राहिला.

"आतला एक जोड सैल झालाय. गरम झाला की सुटतो, ठोसा बसला की चिकटतो. सोल्डरिंग करून देतो. पण हमी मागू नका हां, माल पुराणकाळातला आहे."

"रविवारी तीन तास टिकला म्हणजे झालं."

"टिकेल. तीन तास कशाला, तीन वर्षं टिकेल. पण हमी मागू नका."

ह्यातलं ढुमकाकांच्या कानात नेमकं शेवटचं वाक्य राहिलं. आठवडाभर त्यांनी घरी ॲम्प लावून पाहिला, एकदाही बसला नाही. तरी आज त्यांनी घरचा टेबलफॅन उचलून आणला आणि वारा ॲम्पच्या पाठीवर येईल असा लावला. तो घेऊन घरून निघताना बायको दारातून बघत होती. तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होती ती, रोग्याची काळजी आणि नातेवाईकांचा थयथयाट ह्यातला फरक तिला बरोबर कळायचा.

"अहो, जीव केवढा टांगणीला लावाल? यंत्र आहे ते."

"रविवार गेला तर माझ्याकडे उरतं काय, सांग?"

"मी उरते," ती म्हणाली. मग टेबलफॅनची वायर नीट गुंडाळून तिनं त्यांच्या हातात दिली. "संपलं की फोन करा."

आणखी एक नवी गोष्ट आज बरोबर होती. मुलीनं वाढदिवसाला दिलेला ट्यूनर. पायाशी ठेवायची तळहाताएवढी डबी, गिटारीची वायर तिच्यातून पुढे ॲम्पला जायची. मुलीनं लहान मुलाला शिकवावं तसं शिकवलं होतं. "बाबा, पायानं दाबलं की आवाज बंद होतो आणि लाल दिवा लागतो. मग शांतपणे सूर लावायचा. झालं की पुन्हा दाबायचं, की आवाज सुरू. सोपं आहे."

"छत्तीस वर्षं कानानं लावतोय मी सूर," ढुमकाका फणकारले होते. पण गेल्या वर्षापासून सगळ्यात जाड तार बरोबर लागली की नाही हे ते हळूच ड्रमवाल्याला विचारून घेत होते. त्यामुळे कुरकुर करत का होईना, डबी घेतली.

तीनला सुरुवात झाली आणि पहिला भाग लोण्यासारखा गेला. ॲम्प असा वाजला की ढुमकाकांना स्वतःचंच कौतुक वाटलं. स्टेजच्या मागे भिंतीपलीकडे चहाची खोली होती. खालचा सूर लागला की तिथल्या पत्र्याच्या फळीवर कपबशा खुळखुळायच्या. चहावाल्या मावशी ह्यावरून कायम भांडायच्या. मध्यंतरात चहा देताना त्यांनी सुनावलंच.

"आज तर नुसता कहर केलात. एक कप कडेला आला होता, धावत जाऊन धरला."

"मावशी, तुम्हीच काय त्या माझ्या खऱ्या रसिक."

"रसिक कसली? फुटला तर बोलणी मला बसतात!"

ढुमकाका खुशीत हसले. अर्धी लढाई मारली होती. तेवढ्यात गाणारी वाकून हळूच म्हणाली, "काका, जाड तार किंचित उतरलीय का?"

ते स्टेजवर गेले. ह्या वेळेला पश्चिमेच्या उंच खिडक्यांतून ऊन आत येई आणि सगळी स्टेजची जमीन पांढरीफटक होई. त्यांनी डबी पायानं दाबली, गुडघ्यावर बसून, डोळ्यांवर हाताची सावली धरून, काटा बघत तार चढवली. बरोबर मध्यावर आली. आणि नेमके त्याच वेळी एक गृहस्थ मास्तरकडे आले. आज लग्नाला पन्नास वर्षं झाली, आमचं गाणं आधी घ्या. मास्तरनं बसल्या जागी तोंडानं एक, दोन, तीन म्हणायला सुरुवात केली. ढुमकाका धडपडत उठले आणि चार म्हणताच त्यांनी तार छेडली.

काहीच नाही.

पुन्हा छेडली. काही नाही.  मान वळवून त्यांनी ॲम्पकडे पाहिलं. पंखा फिरत होता, ॲम्पचा दिवा लागलेला होता आणि डबा ठार मुका होता.

"मार!" ते ओठांतून म्हणाले. ड्रमवाल्यानं झांज सोडून ठोसा हाणला. डाव्या अंगाला, वरून चार बोटं खाली. काही नाही. मग ढुमकाकांनी स्वतः गिटार एका हातात धरून दुसरा ठोसा दिला. तिसरा दिला. चौथा असा दिला की बोटांची सालं निघाली. पन्नास वर्षांवाली जोडी नाचता नाचता त्यांच्याकडे बघू लागली.

मास्तरनंही पाहिलं. मग त्यानं डावा हात उचलला आणि कीबोर्डच्या खालच्या पट्ट्यांवर ठेवला. भिंतीवरच्या स्पीकरमधून बेस आला. चांगला होता, उगाच खोटं कशाला बोला. जोडी एक पाऊलही चुकली नाही.

ढुमकाका मात्र वाजवत राहिले. थांबून करायचं काय? हात खाली सोडून स्टेजवर उभं राहणं त्यांना जमलं नसतं. एकूण अकरा गाणी झाली. प्रत्येक गाण्यात त्यांची बोटं जिथे हवी तिथेच पडली, ठेका कुठे सुटला नाही, आणि त्यातलं एक अक्षर कुणाला ऐकू गेलं नाही. समोरून कुणी विचारलंही नाही.

सहा वाजता टाळ्या झाल्या. मास्तर वायरी गुंडाळू लागला. तो काही बोलायच्या आत ढुमकाकाच त्याच्याजवळ गेले. त्याला पुन्हा अवघड बोलायला लावणं त्यांना बरं वाटेना.

"तुझं बरोबर होतं. ह्या डब्याचा काही भरवसा नाही. पुढच्या रविवारपासून तूच वाजव."

"काका, दुरुस्त झाला की..."

"दुरुस्त करूनच आणला होता. आता माझ्याकडे करण्यासारखं काही राहिलं नाही बाबा."

मास्तरनं मान खाली घातली. त्याला वाईट वाटत होतं आणि हायसंही वाटत होतं, दोन्ही खरंच होतं. "असेच येत जा पण," तो म्हणाला. "चहाला. ऐकायला."

"येईन की."

सगळे सामान घेऊन खाली गेले. ढुमकाका एकटेच राहिले. पंखा बंद केला. ऊन एव्हाना स्टेजवरून सरकून भिंतीवर चढलं होतं. वायर काढायला ते वाकले आणि पायाशी ठेवलेल्या डबीवर त्यांना लाल दिवा दिसला.

ते सरळ झाले. मग बुटाच्या टोकानं त्यांनी डबी दाबली. दिवा विझला. अंगठ्यानं जाड तार नुसती हलवली, आणि सबंध हॉल भरून, लाकडी जमिनीतून वर येत, ॲम्प बोलला.

खाली मास्तरच्या गाडीची डिकी लावल्याचा आवाज आला. ते खिडकीशी गेले. हाक ऐकू गेली असती, एवढंच अंतर होतं. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण सांगायचं काय? डबा जुना झाला, हे चारचौघांत सांगता येतं. मी डबीवर पुन्हा पाय द्यायला विसरलो, आणि अकरा गाणी माझ्या लक्षात आलं नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यांना लाज वाटली, नुसती लाज. गाडी सुरू झाली आणि फाटकातून बाहेर पडली.

मागून मावशींचा आवाज आला. त्या ओला फडका घेऊन दारात उभ्या होत्या.

"तुम्ही आहात होय? मला वाटलं, तब्येत बिघडून मधेच घरी गेलात."

"का हो?"

"दुसऱ्या भागात कपबशा गप्प होत्या ना. एकसुद्धा हलली नाही. आत्ता कुठे खुळखुळल्या."

 ढुमकाकांनी गिटार पुन्हा गळ्यात अडकवली.

"मावशी, कप जरा आत सरकवून ठेवता? पन्नास वर्षांवाल्यांचं तेवढं राहिलंय."

"वाजवा. धरते मी," म्हणत त्या आत गेल्या.

त्यांनी ते गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं, नुसता बेस. भिंतीपलीकडून कपबशांचा आवाज येत होता. संपल्यावर त्यांनी ॲम्प बंद केला, वायर गुंडाळली आणि त्याच्यावरच बसून बायकोला फोन लावला.

"काय हो? टिकला का?"

सालं निघालेली बोटं त्यांनी डब्याच्या डाव्या अंगावरून फिरवली. अजून गरम होता.

"टिकला ना," ते म्हणाले. "अगदी शेवटपर्यंत."