मेसच्या खाचरात पीक उभं आहे

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा त्या वर्षी कॉलेजात भरला नाही. तो लोणावळ्यात, संदेश गराडेच्या रिसॉर्टवर भरला. चहा कपबशीतून आला, बसायला गादीच्या खुर्च्या होत्या आणि भिंतीवरच्या पडद्यावर एका इमारतीचं चित्र होतं. वातानुकूलित सभागृह, दर्शनी भागाला काच, वर संदेशच्या वडिलांचं नाव आणि समोर ओळीने लावलेल्या गाड्या.

कॉलेज कामशेतच्या पुढे, वडिवळ्याच्या रस्त्यावर आहे. चित्रात गाड्या जिथे उभ्या होत्या, तिथे प्रत्यक्षात नदीकाठचं भाताचं खाचर आहे.

हे आधी अनघा ओव्हाळच्या लक्षात आलं. अनघा घोरावाडी स्टेशनवर तिकीट खिडकीत बसते आणि माजी विद्यार्थी संघाची सचिव आहे. संस्थेचे अध्यक्ष निवृत्तीराव माइकवर बोलत होते, तेवढ्यात ती उभी राहिली.

"साहेब, खाचर कुठे आहे यात?"

"प्रश्न शेवटी घेऊ."

"खाचर शेवटी राहणार असेल तर शेवटी विचारते."

मागच्या खुर्च्यांवरून हसू आलं. निवृत्तीराव हसले नाहीत. खाचराच्या बदल्यात संदेश कॉलेजला सभागृह बांधून देतोय, मुलींच्या मेसचं काम कंत्राटदाराला देऊ, डबे येतील, दर परवडेल असा ठेवू, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या वाजल्या, पण तुरळक.

खाचर मेसचं होतं. संघातले सगळ्यात जुने सभासद दत्तोबा, त्यांच्या वडिलांनी कॉलेज निघालं तेव्हा माळाबरोबर ही भाताची जमीनही दिली, आणि मुलींचं वसतिगृह सुरू झाल्यापासून त्यातला तांदूळ मेसमध्ये शिजतो. तो विकत घ्यावा लागत नाही, म्हणूनच धरणामागच्या गावांतल्या मुलींना तिथे राहणं परवडतं. लावणी माजी विद्यार्थी करतात. आषाढातल्या एका रविवारी जो तो आपल्या घरच्या राबातलं, म्हणजे भाजून तयार केलेल्या वाफ्यातलं, रोप घेऊन येतो आणि खाचरात उतरतो. नियम एकच आहे: स्वतः यायचं. मजूर पाठवायचे नाहीत, पैसे पाठवायचे नाहीत. दुपारी सगळ्यांची एक पंगत बसते. अनघाच्या आईने उभा जन्म दुसऱ्यांच्या खाचरांत रोजाने लावणी केली. कॉलेजचं खाचर हे अनघाने पाहिलेलं पहिलं, जिथे बांधावर उभं राहून कोणी हुकूम सोडत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत हात धुवायच्या जागी तिला प्रेरणाने गाठलं. प्रेरणा एस.वाय. बी.एस्सी.ला होती, वसतिगृहात राहायची, आणि मेळाव्यात स्वागतगीत म्हणायला तिला नि इतर मुलींना टेम्पो ट्रॅव्हलरने आणलं होतं.

"ताई, डब्याला पैसं पडणार ना?"

"पडणार."

"मग पप्पा मला घरी नेत्यात. आत्याच्या नात्यातलं स्थळ आलंय. पप्पा म्हणले, फुकट ऱ्हायला मिळतंय तवर शीक." तिने ओढणीला हात पुसले. "मला फक्त टी.वाय. पूर्ण करायचंय. पुढचं मी बघते."

"गाणं छान म्हटलंस."

"कुणाच्या स्वागताचं म्हणतोय ते म्हाईत असतं तर बेसूर म्हणले असते."

दुपारच्या सत्रात दत्तोबा उठले. पहिल्या बॅचचे, आता काठी लागते. त्यांना माइक दिला, तो त्यांनी शेजारच्याच्या हातात ठेवला.

"जमीन आता संस्थेची हाय, माजा हक न्हाई. पर एक सांगा निवृत्तीराव, राब भाजून झाल्यात, रोप वर आलंय. यंदाची लावणी करायची का न्हाई?"

सगळे बघत होते. निवृत्तीरावांनी मोठेपणा घेतला.

"आबा, करा की! मी शेतकऱ्याचाच मुलगा आहे. पीक उभं असताना त्या खाचरात जेसीबी घालणार नाही, हा माझा शब्द. पीक निघालं की काम सुरू."

या वेळी टाळ्या जोरात वाजल्या. संदेशनेही वाजवल्या. दिवाळीपर्यंत थांबायला त्याची हरकत नव्हती.

परत येताना अनघा, दत्तोबा आणि कैलास एका गाडीत होते. गाडी कैलासची. त्याचं कामशेतला खतं-बियाण्यांचं दुकान आहे. कॉलेजनंतर त्याने शेतीची पदविका केली आणि तेव्हापासून दर वर्षी तो लावणीच्या दिवशी एकाच गोष्टीवरून चिडतो.

"निदान या शेवटच्या वर्षी तरी माझं ऐका," तो म्हणाला. "जो तो घरचं रोप आणतो. वडिवळ्याचा माणूस इंद्रायणी आणतो, पलीकडचा आंबेमोहर आणतो, कोणी कर्जतचं हळवं आणतो. एका खाचरात तीन वाण! निम्मं पिवळं, निम्मं हिरवं. माझ्या गिऱ्हाइकांना दाखवायची लाज वाटते. यंदा मी एकच रोप पुरवतो, सगळं इंद्रायणी. एका रविवारी कापून खाचर मोकळं."

"नको," अनघा म्हणाली.

"का नको?"

"हळवं कधी कापणीला येतं?"

"दसऱ्याच्या सुमाराला."

"इंद्रायणी?"

"दिवाळी धरून."

"आणि आंबेमोहर?"

"तो गरवा. त्याला दिवाळीनंतरही बराच वेळ... " कैलासने गाडीचा वेग कमी केला. सोमाटण्याकडे जाणारा एक ट्रक हॉर्न वाजवत पुढे गेला. "अनघा, साहेब नेमकं काय म्हणाले?"

"पीक उभं असताना घालणार नाही."

"सगळं पीक?"

"पीक म्हणाले."

मागच्या सीटवर दत्तोबा खोकल्यासारखे हसले. "कैलास, आरं तुजी पदविका आज कामाला आली बग."

"पण आंबेमोहरही कधीतरी निघणारच ना," कैलास म्हणाला. आता तो चिडलेला नव्हता. दुकानात गिऱ्हाईक बियाणं विचारतं तेव्हा जसा बोलतो तसा बोलत होता. "तो निघायच्या आधी, खाली ओल असताना, उभ्या भातातच मसूर फोकायचा. भात कापेपर्यंत मसूर उगवून वर आलेला असतो. आमचे आजोबा करायचे. मसुरामागे उन्हाळी मूग. नदीला धरणाचं पाणी असतंच. मुगामागे राब."

"आणि राबामागे लावणी," दत्तोबा म्हणाले.

"ही फसवणूक होईल का?" कैलासने विचारलं.

"त्यांनी शब्द सगळ्यांसमोर दिलाय. आपण शेतीही सगळ्यांसमोर करू. काही लपवायचं नाही," अनघा म्हणाली. "फक्त त्यांनी विचारल्याशिवाय सांगायचंही नाही."

लावणीच्या रविवारी नेहमीपेक्षा जास्त माणसं आली. शेवटची लावणी आहे असं समजून काही जण मुंबईहून आले, त्यांच्या बायका बांधावर छत्र्या धरून उभ्या राहिल्या आणि अर्ध्या तासात चपला काढून त्याही उतरल्या. रोपाच्या जुड्या बांधावर टाकल्या होत्या. अनघाने त्या तीन ढिगांत लावून घेतल्या. हळवं रस्त्याच्या कडेला, इंद्रायणी मधे, आंबेमोहर नदीच्या अंगाला. एवढी शिस्त त्या खाचराने कधी पाहिली नव्हती. कैलास प्रत्येक ढिगापाशी जाऊन येत होता.

दहाच्या सुमाराला रिसॉर्टची गाडी आली. सारखे टी-शर्ट घातलेले माळी उतरले, मागून फलक घेऊन एक जण. संदेश आला नव्हता. त्याने फोनवर अनघाला सांगितलं, "माझ्यातर्फे दहा माणसं. मी पण माजी विद्यार्थीच आहे ना!"

"मग तू ये."

"अगं, रविवारी इथे किती गर्दी असते तुला माहितीये. मी माणसं दिली, उद्या सभागृह देतोय. अजून काय द्यायचं?"

"तुझ्या माळ्यांना आम्ही जेवायला घालतो. चिखलात उतरू देत नाही. तुझ्या जागी कोणी उभं राहू शकत नाही, संदेश. नियम तुला माहीत आहे, तूही मेसचा भात खाल्लायस. एन.एस.एस.च्या शिबिरात तीनदा वाढून घ्यायचास."

"तुझं हे असंच असतं," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

माळी बांधावर बसले. फलक कोणी उघडला नाही. दुपारी ते सगळ्यांबरोबर पंगतीत जेवले आणि जाताना त्यांतल्या एकाने दत्तोबांना विचारलं, "आबा, माजी पोरगी बारावीला हाय. हितं घेत्यात का?"

"घेत्यात. खाचर ऱ्हायलं तर."

दसऱ्याला हळवं कापलं. दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या कार्यालयातून विचारणा झाली. अनघाने सांगितलं की निम्म्याहून जास्त पीक उभं आहे, येऊन बघा. दिवाळीनंतर इंद्रायणी कापलं. पुन्हा विचारणा झाली. आंबेमोहर तेव्हा हिरवा होता आणि वाऱ्याबरोबर त्याचा वास मेसच्या खिडकीपर्यंत येत होता. निवृत्तीराव एकदा स्वतः आले, बांधावर उभे राहिले, ओंब्या हातात घेऊन पाहिल्या.

"याला इतका उशीर?"

"गरवा आहे, साहेब."

"हं. आमच्याकडेही असायचा." मग ते गाडीत बसले.

त्यानंतरच्या आठवड्यात मुलींनी आणि चार-सहा माजी विद्यार्थ्यांनी सगळ्या खाचरात मसूर फोकला. कापलेल्या भागात धसकटांमधून, न कापलेल्या भागात उभ्या भातातून. प्रेरणाच्या ओटीत बी होतं आणि ती मूठ फेकताना प्रत्येक वेळी पुटपुटत होती.

"काय म्हणतेस?" अनघाने विचारलं.

"आत्याच्या नात्यातल्या पोराचं नाव घेतीय. त्येला म्हणते, थांब, अजून थांब."

आंबेमोहर कापून भारे बांधावर आले, त्याच्या दुसऱ्या सकाळी जेसीबी आला. बरोबर निवृत्तीराव होते, संदेश होता, आणि कुदळ मारताना फोडायला आणलेला नारळ होता. कॉलेजकडून फोन आला तेव्हा अनघाची ड्यूटी दुपारची होती. ती मिळेल त्या गाडीने पोचली. कैलास दुकान उघडं टाकून आला. वसतिगृहाच्या मुली आधीच खाचराच्या कडेने उभ्या होत्या. त्या घोषणा देत नव्हत्या.

"पीक निघालं," निवृत्तीराव म्हणाले. "मी शब्द पाळला. आता तुम्ही पाळा."

"साहेब, खाली बघा," अनघा म्हणाली.

त्यांनी खाली पाहिलं. धसकटांच्या मधे, बोटभर उंचीचा, बारीक पानांचा मसूर सगळीकडे आला होता. बांधापासून नदीपर्यंत.

संदेशला ते काय आहे हे कळायला वेळ लागला. निवृत्तीरावांना लागला नाही.

"ही चलाखी आहे," ते म्हणाले.

"हो."

"हो?"

"हो, आहे. तुम्ही पार्किंगचं चित्र आम्हाला न विचारता काढलंत. आम्ही मसूर तुम्हाला न विचारता फोकला. पण आम्ही फोकला तो दिवसाढवळ्या, कॉलेजच्या खिडक्यांसमोर. कोणीही येऊन विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"मसूर फेब्रुवारीत निघेल."

"मग मूग आहे."

"आणि मूग निघाल्यावर?"

"राब," दत्तोबा म्हणाले. ते भाऱ्यावर बसले होते. "निवृत्तीराव, तुमी शेतकऱ्याचं पोर. तुमाला म्हाईत हाय, पिकाला पीक लागून असतंय."

जेसीबीच्या चालकाने इंजिन चालूच ठेवलं होतं. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "साहेब, पीक हाय का न्हाई ते ठरवा आदी. उभ्या पिकात मी मशीन घालत न्हाई. आमच्या घरात चालत न्हाई त्ये."

"अरे, भाडं कोण देतंय तुला?" संदेश म्हणाला.

"तुमी देताय. म्हणूनच इच्यारतोय."

मुलींपैकी कोणीतरी खुदकन हसलं. निवृत्तीराव मसुराकडे बघत राहिले. संस्थेचे सदस्य, सही झालेला नकाशा, त्यांच्यापाशी सगळं होतं. त्यांनी हुकूम दिला असता तर दुसरा चालकही मिळाला असता. पण लोणावळ्यात माइकवर बोललेलं वाक्य तिथे उभ्या असलेल्या बहुतेकांनी ऐकलं होतं.

"बंद कर," ते चालकाला म्हणाले. मग अनघाकडे वळले. "मी माघार घेतलेली नाही. शब्द दिलाय तेवढा पाळतोय. खाचर एक दिवस जरी मोकळं दिसलं, तरी मी काम सुरू करीन."

"चालेल, साहेब."

संदेश जागचा हलला नव्हता. "अनघा, मला खरंच कॉलेजला काहीतरी द्यायचं होतं. बापाचं नाव लागावं एवढंच."

"माळावर जागा आहे. खडकाळ आहे, सपाट करायला जास्त काम पडेल. तिथे बांध. पायाभरणीला मी येईन, पाट्या उचलीन. सगळी बॅच येईल."

"तिथून रस्ता दिसत नाही."

"म्हणजे रस्त्यावरून नाव दिसत नाही."

नारळ गाडीत परत गेला. दत्तोबांनी चालकाला हाक मारली आणि चहाला बसवलं.

संदेशने पुढे माळाचं काही ठरवलं नाही, नाहीही म्हटलं नाही. संघातल्या काही जणांनी अनघावर नाराजी दाखवली. आयतं सभागृह घालवलं, असं ते व्हॉट्सअॅपच्या गटावर लिहीत राहिले. तिने तिथे एकदाच उत्तर दिलं: मूग पेरायला रविवारी या, स्वतः. नाराजांपैकी दोघे आले.

मार्चच्या सुरुवातीला, घोरावाडीला सकाळची गर्दी ओसरल्यावर, तिकीट खिडकीतला अनघाचा फोन वाजला. निवृत्तीराव होते.

"मसूर काढला म्हणे तुम्ही."

"काढला, साहेब. मेसला वर्षाची आमटी झाली."

"मग खाचर मोकळं झालं?"

तासाभरापूर्वीच प्रेरणाने फोटो पाठवला होता. मसूर टप्प्याटप्प्याने उपटला होता, आणि उपटलेल्या प्रत्येक पट्ट्यात लगोलग पेरलेला मूग दोन पानांवर आला होता. फोटोच्या कोपऱ्यात तिची चिखलाने भरलेली पावलं दिसत होती. खाली तिने लिहिलं होतं, टी.वाय. करायचं पक्कं, पप्पांनी स्थळाला नकार कळवला.

खिडकीसमोर एक माणूस शिवाजीनगरचं तिकीट मागत होता. अनघाने त्याला हाताने थांबायची खूण केली.

"नाही, साहेब," ती म्हणाली. "पीक उभं आहे."