आर्थर विनकॉट यांची दोन पानं

आर्थर विनकॉट यांनी इंग्लंडमध्ये टीव्हीवर बेचाळीस वर्षं काम केलं. हवालदार, डॉक्टर, पाद्री, शेजारी. नायक एकदाही नाही. बायको गेल्यावर ते न्यूझीलंडमधल्या हिल्सबरोला मुलीकडे, हेलनकडे राहायला आले आणि वर्षभरातच पक्षाघातानं त्यांची वाचा गेली.

त्यांची स्पीच थेरपिस्ट मृणालिनी, मूळची पुण्याची. पहिल्या दिवशी तिनं कपाचं चित्र दाखवलं. शब्द सापडेना, तेव्हा आर्थरनी चित्र पालथं ठेवलं आणि तोंड फिरवलं. पुढच्या वेळी ती चित्रांऐवजी हेलनकडून मागून घेतलेली जुन्या मालिकेची संहिता घेऊन आली.

"मी इन्स्पेक्टर, तुम्ही हवालदार," ती म्हणाली, आणि तिनं आपलं वाक्य वाचलं.

"दार आतून बंद होतं, साहेब," आर्थर म्हणाले. सलग. मग त्यांना रडू आवरेना.

दीड वर्ष त्यांनी अशा जुन्या भूमिका घोकल्या. त्याच सुमारास वेलिंग्टनमध्ये एका मालिकेसाठी म्हातारा न्यायाधीश हवा असल्याचं कळलं.

हेलन नको म्हणत होती. "बाबा, सगळ्यांसमोर अडखळलात तर?"

"अडखळेन की," ते सावकाश म्हणाले. "त्यात काय."

ते ऑडिशनला गेले आणि त्यांची निवड झाली. एकाच भागातली भूमिका, पण दोन पानांचं भाषण: आपण एका माणसाला चुकीची शिक्षा दिली, अशी कबुली. शूटिंगला मृणालिनी रजा टाकून सोबत गेली. दिग्दर्शिकेनं कानात वाक्यं सांगायची सोय करते म्हटलं. आर्थरनी नकार दिला.

दीड पान सुरळीत गेलं. मग 'निर्दोष' हा शब्द येईना. कॅमेरा चालूच होता. मृणालिनी नकळत ओठांनी तो शब्द जुळवू लागली, पण आर्थरनी तिच्याकडे पाहिलं नाही. समोर त्या शिक्षा झालेल्या माणसाच्या भूमिकेत बसलेल्या नटाकडे ते एक पाऊल सरकले, त्याच्या डोळ्यांत पाहत राहिले.

"तू... निर्दोष होतास. आणि मला ते माहीत होतं."

आधी लाइटवाल्यानं टाळी वाजवली, मग सगळ्या सेटनं.

"ती शांतता मी कापणार नाही," दिग्दर्शिका म्हणाली. आठवड्याभरात तिनं लेखकाला बसवून न्यायाधीशाला सहाही भागांत आणलं.

मालिका सुरू झाली त्या संध्याकाळी मृणालिनी हेलनकडे आली होती. पडद्यावर सर्वांत आधी एकच नाव उमटलं: आर्थर विनकॉट. त्यांचं वय तेव्हा एकोणऐंशी होतं. हेलननं ते तीनदा मागे नेऊन दाखवलं.

"पुरे आता," आर्थर म्हणाले, "मला काम बघू दे."